कैरोच्या कागदांमागची विद्या

विद्वान सॉलोमन शेक्टर यांचे नाव कैरोच्या गेनिझाशी, म्हणजे सिनेगॉगमधील जुनी लिखाणे साठवण्याच्या कोठीशी, कायमचे जोडले गेले आहे, आणि हा शोध बहुधा दैवयोग म्हणून सांगितला जातो. पुरावा मात्र विद्येकडे बोट दाखवतो. रोमानियातील फोकशानी येथे जन्मलेल्या शेक्टर यांची जडणघडण परंपरागत तालमूद-अध्ययनात झाली. व्हिएन्ना व बर्लिनमध्ये त्यांनी आधुनिक चिकित्सा आत्मसात केली. १८९० पासून ते केम्ब्रिजमध्ये शिकवत होते. बेन सिराचा प्राचीन ग्रंथ तेव्हा प्रामुख्याने ग्रीक व सिरियाक भाषांतरांतून ठाऊक होता. रब्बींच्या साहित्यात विखुरलेल्या त्याच्या अवतरणांवर शेक्टर यांनी १८९१ मध्ये लेख लिहिला होता. म्हणूनच १८९६ च्या मे महिन्यात ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी दाखवलेले जीर्ण पान त्याच ग्रंथाच्या हिब्रू पाठाचे आहे, हे त्यांनी ओळखले. त्या पानाच्या मागावर ते कैरोच्या गेनिझापर्यंत पोहोचले.

कोणी म्हणेल, गेनिझा गुप्त नव्हतीच. तिथली पाने विकली जात होती आणि हस्तलिखितांचे संग्राहक एल्कान ॲडलर शेक्टर यांच्या आधीच तिथून पोतेभर कागद घेऊन गेले होते. हे खरे आहे. पण शेक्टर यांनी निवडक पानांवर समाधान मानले नाही. छापील कागद शक्यतो वगळून त्यांनी हस्तलिखितांचा प्रचंड साठा उचलला, आणि आज केम्ब्रिजमधील त्या संग्रहात सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. त्यासाठी कैरोच्या प्रमुख रब्बींची संमती होती. तरीही ब्रिटिशांच्या ताब्यातील इजिप्तमधून हा ठेवा गेला, हा आक्षेप संमतीने पुसला जात नाही. शेक्टर यांच्या विद्वत्तेचे मोल मान्य करतानाही त्या असमान व्यवहाराची नोंद ठेवलीच पाहिजे.

त्या विद्वत्तेची कसोटी पुढे लागली. ऑक्सफर्डचे मार्गोलिउथ बेन सिराचा हिब्रू पाठ मूळ नसून भाषांतरांवरून पुन्हा हिब्रूत उतरवलेला मानत होते. १९६४ मध्ये मृत समुद्राजवळच्या मसाडा किल्ल्यात सापडलेल्या प्राचीन गुंडाळीने त्या पाठाचा गाभा अस्सल ठरवला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू थिऑलॉजिकल सेमिनरीची धुरा स्वीकारलेल्या शेक्टर यांनी १९१० मध्ये गेनिझातील मध्ययुगीन प्रतींवरून एका प्राचीन पंथाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या काळाविषयी वाद झाला, पण पुढे मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत त्याच्याच कितीतरी जुन्या प्रती मिळाल्या. विद्यापीठाची चिकित्सा आणि परंपरेतले पाठांतर ही दोन ज्ञाने आपण अनेकदा परस्परविरोधी मानतो. शेक्टर यांच्या हातून झालेले काम या दोन्हींच्या मिलाफातूनच उभे राहिले.