केतकरांचा ब्रह्मा आणि प्लूटो

‘प्लूटो दुर्बिणीत सापडण्याच्या एकोणीस वर्षे आधी आपल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी तो गणिताने सांगितला होता’ हे वाक्य मी शाळांतून आणि गावोगावच्या वाचनालयांतून किती वेळा उच्चारले असेल, त्याला गणती नाही. टाळ्या हमखास पडत. चार वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने विचारले, “मग तो आकाशात कुठे दिसेल, हे त्यांनी सांगितलं होतं का?” मी गडबडलो. ते मी कधी तपासलेच नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रश्नाचे मर्म कळायला थोडे मागे जावे लागेल. आपल्या नवग्रहांत सूर्य-चंद्र आहेत, राहू-केतू आहेत. पायाखालची पृथ्वी मात्र नाही. आजच्या अर्थाने ग्रह म्हणावेत असे, नुसत्या डोळ्यांना ठळक दिसणारे पाचच. सूर्याभोवती फिरायला बुधाला ८८ दिवस लागतात, शुक्राला २२५, मंगळाला ६८७. गुरूला सुमारे बारा वर्षे आणि शनीला साडेएकोणतीस. हजारो वर्षे शनी ही या गावाची वेस होती. १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधल्या बाथ येथे विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून वेशीबाहेरचा ग्रह दिसला. ८४ वर्षांत प्रदक्षिणा करणाऱ्या या ग्रहाला जगाने युरेनस म्हटले. मराठी पंचांगांत तो शोधकाच्याच नावाने, ‘हर्षल’ म्हणून आला.

पुढे हा हर्षल गणिताने सांगितलेल्या जागी राहीना. पलीकडून कोणीतरी त्याला ओढत असावे, असे धरून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी त्या अज्ञात ग्रहाची आकाशातली जागाच काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेला कळवली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री योहान गाले यांनी दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. ग्रह गणिताने सांगणे म्हणजे काय, याचे माप तेव्हापासून ठरून गेले: दुर्बीण कोठे वळवायची, हे सांगता आले पाहिजे.

आता केतकर. आजच्या कर्नाटकातल्या नरगुंदला १८५४ साली जन्मलेला, शिक्षकी करून आपले गणित सांभाळणारा हा माणूस. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचे टिपण आले. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यांनी मांडले व त्यांना ब्रह्मा आणि विष्णू ही नावे दिली. आधार होता लाप्लासने गुरूच्या तीन चंद्रांच्या गतींत दाखवलेल्या मेळाचा. तसाच मेळ बाहेरच्या ग्रहांत आहे असे धरून केतकरांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट अंतरावर, सुमारे २४२ वर्षांत फिरणारा ब्रह्मा कल्पिला. १९३० मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, काळ २४८ वर्षे. त्याच वर्षी केतकर वारले.

आकडे इतके जवळ आहेत की आपल्या माणसाचा अभिमान वाटणारच. मलाही तो वाटला आणि तिथेच मी थांबलो. पुढे पाहिले असते तर तीन गोष्टी दिसल्या असत्या.

पहिली, त्या मुलीची. केतकरांनी अंतर आणि काळ दिला. ग्रह अमुक दिवशी अमुक ठिकाणी असेल, हे दिले नाही. त्यावरून कोणतीही दुर्बीण वळवता येणार नव्हती. दुसरी, ३९ च्या आसपासचा आकडा एकट्या केतकरांचा नव्हे. अठराव्या शतकापासून चालत आलेला टिटियस-बोडे यांचा अंतरांचा ठोकताळा हर्षलनंतरच्या ग्रहाला ३८.८ पट अंतर देतो. नेपच्यून निघाला ३० पटींवर, म्हणजे ठोकताळा तिथे सपशेल चुकला. पण प्लूटोच्या जवळ तोही जाऊन बसतो. तेवढ्यावरून बोडेने प्लूटो सांगितला, असे कोणी म्हणत नाही. तिसरी, सुमारे ६० पट अंतरावरचा विष्णू आजवर सापडलेला नाही. दोन भाकितांतले जुळलेले तेवढे सांगायचे आणि न जुळलेले गाळायचे, याला संशोधन म्हणत नाहीत.

हा न्याय मी परक्यांनाही लावतो. पर्सिव्हल लॉवेल यांनी तर ग्रहाची जागाही दिली होती आणि प्लूटो तिच्यापासून काही अंशांवरच मिळाला. पण त्यांचा ग्रह पृथ्वीच्या सुमारे सातपट वजनाचा होता. १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला, त्यावरून प्लूटोचे वस्तुमान काढता आले आणि ते पृथ्वीच्या चारशेव्या हिश्शाहूनही कमी निघाले. एवढासा गोळा हर्षलला काय ओढणार? १९८९ मध्ये व्हॉएजर-२ यान नेपच्यूनजवळून गेले. त्यातून नेपच्यूनचे वस्तुमान नेमके कळल्यावर हर्षलच्या गतीतली उरलेली तफावतही मिटली. ज्या ओढीवरून लॉवेल ग्रह शोधत होते, ती ओढच नव्हती. त्यांचेही जुळणे योगायोगाचेच.

केतकरांच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात. म्हणजे बाहेरच्या ग्रहगतींत मेळ असतो, ही त्यांची दृष्टी पोकळ नव्हती. तरी दृष्टी वेगळी आणि शोध वेगळा.

मग केतकरांचे काय उरले? माझ्या मते, जे खरे मोठे ते सगळे उरले. आपल्याकडची पंचांगे शतकानुशतके कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या १५२० च्या ग्रंथावरून होत. ज्या-चापाच्या किचकट आकडेमोडीशिवाय ग्रह काढता येत, म्हणून तो घरोघर चालला. पण काळ लोटला तशी गणित आणि आकाश यांत फट पडू लागली. त्याशिवाय, जुन्या गणिताने तिथी जास्तीत जास्त ६५ घटिकांची आणि कमीत कमी ५४ घटिकांची होते. आकाशातला चंद्र पाहिला तर ती सुमारे ६७ पासून ५० घटिकांपर्यंत बदलते. सूर्याच्या ओढीने चंद्राच्या गतीत पडणारे फरक जुन्या रीतीत पुरते धरलेले नव्हते. ग्रहणांवरून पारखलेल्या अमावास्या-पौर्णिमेला हा दोष कमी जाणवे, अष्टमी-नवमीला मात्र काही तासांपर्यंत जाई.

ही फट बुजवण्याचे काम १८६० च्या सुमारास केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहून सुरू केले होते. केतकरांनी ते वेगळ्या वाटेने पुढे नेले. युरोपातले नवे गणित त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’सारख्या ग्रंथांतून संस्कृतात, परंपरेच्या पंचांगकर्त्याला हाताळता येईल अशा रूपात बसवले. राशिचक्राचा आरंभ कोठून धरायचा या वादात टिळक रेवतीच्या पक्षाचे, तर केतकर चित्रा ताऱ्याच्या. १९५५ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने अहवाल दिला, त्यात चित्रेवरचाच आरंभ घेतला.

या कामाला टाळ्या पडत नाहीत, कारण ते रोज वापरात आहे. प्लूटोचे तसे नाही. तो लांब आहे आणि त्याला परदेशी मोहोर आहे. पण २००६ मध्ये प्रागच्या परिषदेत प्लूटोची ग्रहांतून बटुग्रहांत रवानगी झाली. त्याच्यावर टांगलेला मोठेपणाही त्याच्याबरोबर खाली यायचा, ही माझी भीती आहे. कोणी जाणकार एक दिवस प्लूटोची गोष्ट खोडून काढील आणि ऐकणारे केतकरांनाच खोडून टाकतील. तशी गोष्ट पसरवण्यात माझाही हात आहे.

आता व्याख्यानात मी छत्रे आणि केतकर तिथीपासून सांगतो, प्लूटो शेवटी आणि सगळ्या अटींसह. टाळ्या कमी पडतात. पण मुले आता घरचे पंचांग घेऊन येतात आणि आज चंद्र कुठे आहे, ते वर पाहून ताडून बघतात.