टूना मासेमारी व डॉल्फिन संरक्षण

पॅसिफिक महासागराच्या पूर्वेकडील उष्ण कटिबंधीय भागात पिवळ्या पक्षांचा टूना (कोकणातील कुपा माशाचा जातभाई) ठिपकेदार व स्पिनर या जातींच्या डॉल्फिनांच्या कळपाखालून पोहतो. या साहचर्याचे कारण काहीही असो, कोळ्यांना ते पूर्वीपासून ठाऊक होते. डॉल्फिन श्वासासाठी वर येतात व दुरून दिसतात. ते दिसले की खाली मासा आहे, असे समजत. तोपर्यंत टूना काठीला बांधलेल्या गळाने पकडला जाई व डॉल्फिनांस अपाय होत नसे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस न कुजणारी नायलॉनची जाळी व ती ओढणारी यांत्रिक कप्पी प्रचारात आली आणि अमेरिकन नौकांनी पर्ससीन जाळे स्वीकारले. वेगवान होड्यांनी डॉल्फिनांचा कळप पिटाळून एकत्र आणावयाचा, त्याभोवती सु. १·५ किमी. लांबीचे जाळे टाकावयाचे व तळाची दोरी आवळून ते बटव्याप्रमाणे मिटावयाचे, अशी ही पद्धती. मासा कोंडला जाई. पण डॉल्फिनही जाळ्यात गुंतून गुदमरत. ते चुकून सापडत नव्हते. त्यांना हेतुपुरस्सर वेढले जाई, केवळ त्यांचा मृत्यू अभिप्रेत नव्हता. १९६० च्या दशकात या मृत्यूंची वार्षिक संख्या लाखांवर गेली. विल्यम पेरिन या अमेरिकन जीववैज्ञानिकांनी नौकांवर जाऊन केलेल्या निरीक्षणांमुळे ही हानी शास्त्रज्ञांच्या लक्षात आली.

पहिले उपाय मात्र कोळ्यांचेच. जाळे अर्धेअधिक ओढल्यावर नौका उलट दिशेने चालविली, की जाळ्याचा दूरचा काठ पाण्याखाली जातो व डॉल्फिन त्यावरून निसटतात. मासा खालीच राहतो. १९७१ च्या सुमारास मेदिना या कप्तानाने याच काठाजवळ बारीक आसाच्या जाळ्याची पट्टी बसविली. तीत डॉल्फिनांची मुस्कटे व पक्ष अडकत नाहीत.

१९७२ मध्ये अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा अधिनियम केला. अमेरिकन नौकांकडून होणारी हानी घटली. परंतु काही नौकांनी अन्य देशांचे ध्वज स्वीकारले, इतर देशांचे ताफेही वाढले आणि १९८६ मध्ये सु. १,३३,००० डॉल्फिन मेले. १९९० मध्ये अमेरिकेतील मोठ्या डबाबंदी कारखान्यांनी डॉल्फिनांभोवती जाळे टाकून पकडलेला टूना नाकारला. १९९२ च्या ला होया करारान्वये प्रत्येक नौकेस मृत्यूंची स्वतंत्र मर्यादा ठरवून देण्यात आली व मोठ्या नौकांवर निरीक्षक सक्तीचा झाला. मर्यादा संपली, की त्या नौकेस उरलेल्या वर्षात डॉल्फिनांभोवती जाळे टाकता येत नसे. सर्वांत गुणकारी ठरला तो हाच नियम, कारण निष्काळजीपणाची झळ आता ताफ्यास नव्हे, तर त्या त्या कप्तानास लागू लागली. १९९३ मध्ये मृत्यू सु. ३,६०० वर आले. १९९९ पासून अंमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ही व्यवस्था कायम केली.

डॉल्फिन टाळून तरंगत्या ओंडक्यांभोवती व तराफ्यांभोवती जाळी टाकणाऱ्यांच्या हाती मात्र लहान, अपक्व टूना, शार्क व कासवे अधिक लागतात. शिवाय २००२ मधील अमेरिकन शास्त्रज्ञांच्या अहवालानुसार ईशान्येकडील ठिपकेदार डॉल्फिनांची संख्या मूळच्या सु. एकपंचमांशच होती व ती अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हती. पाठलागात पिलांची आयांपासून ताटातूट होते व अशी पिले निरीक्षकाच्या मोजणीत येत नाहीत, हे त्याचे एक संभाव्य कारण मानतात.