‘केआदिलान’: रयतेचा पक्ष आणि मलय मतदार

२९ सप्टेंबर १९९८ रोजी अन्वर इब्राहीम यांना क्वालालंपूरच्या कोर्टात आणले गेले, तेव्हा त्यांचा डोळा काळानिळा पडला होता. चार आठवड्यांपूर्वीपर्यंत हा माणूस मलेशियाचा उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री होता. पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांनी २ सप्टेंबरला त्यांना पदावरून काढले. २० तारखेला अटक झाली आणि कोठडीत खुद्द देशाच्या पोलीस प्रमुखाने मारहाण केली. ही इजा अन्वर यांनी स्वतःच करून घेतली असावी, असे महाथिर यांनी सुरुवातीला सुचवून पाहिले. पुढे चौकशी आयोगासमोर पोलीस प्रमुखाला कबुली द्यावी लागली.

या डोळ्यातून एक राजकीय पक्ष जन्माला आला. ४ एप्रिल १९९९ रोजी अन्वर यांच्या पत्नी वान अजीजा वान इस्माईल यांनी ‘पार्टी केआदिलान नास्योनाल’ जाहीर केला. अजीजा व्यवसायाने डोळ्यांच्या डॉक्टर, हा एक योगायोगच. पक्षाच्या निळ्या झेंड्यावर समोरासमोर असलेल्या दोन चंद्रकोरी आहेत. लोक त्यात तो सुजलेला डोळाच पाहतात. २००३ साली ‘पार्टी रक्यात मलेशिया’ हा जुना डावा पक्ष त्यात विलीन झाला आणि नाव झाले ‘पार्टी केआदिलान रक्यात’.

नाव परके वाटत असले तरी आपल्या कानाला ते ओळखीचे आहे. ‘केआदिलान’मधला ‘आदिल’ आपल्या अदालतीतला. आणि ‘रक्यात’ म्हणजे रयत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिक्षणसंस्थेच्या नावात घेतलेली तीच रयत. एकच अरबी शब्द साताऱ्यात आणि पेनांगमध्ये सारख्याच अर्थाने रुळला आहे. थोडक्यात, हा ‘रयतेच्या इन्साफाचा पक्ष’.

पण रयत म्हणजे कोण? मलेशियाचे सगळे राजकारण या प्रश्नाभोवती फिरते. स्वातंत्र्यापासून तिथे जमातीगणिक पक्ष होते. मलयांचा उम्नो, चिन्यांचा एमसीए, भारतीयांचा एमआयसी. तिघांची आघाडी, आणि तिच्यात उम्नो थोरला भाऊ. १३ मे १९६९ रोजी क्वालालंपुरात मलय-चिनी दंगल उसळली. त्यानंतर १९७१ साली नवे आर्थिक धोरण आले. कंपन्यांच्या भांडवलात ‘भूमिपुत्रां’चा वाटा ३० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठरले, शिक्षण, नोकऱ्या, कंत्राटे यांत मलयांना प्राधान्य मिळाले. या धोरणाने लाखो गरीब मलय कुटुंबांना वर काढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच धोरणाच्या सावलीत सत्तेच्या जवळचे मूठभर लोक गडगंज झाले, हेही तितकेच खरे.

अन्वर या व्यवस्थेला बाहेरचे नव्हते. तरुणपणी त्यांनी ‘अबिम’ ही मुस्लिम युवक संघटना उभी केली. १९७४ साली बालिंगच्या गरीब शेतकऱ्यांच्या आंदोलनात उतरल्याबद्दल ते विनाचौकशी तुरुंगात गेले. पण १९८२ साली ते उम्नोत दाखल झाले आणि पुढची सोळा वर्षे सत्तेच्या पायऱ्या चढत राहिले. विनाचौकशी अटकेचा तो कायदा त्या काळातही शाबूत होता. त्याच्याविरुद्ध त्यांचा आवाज पुन्हा चढला तो स्वतः बडतर्फ झाल्यावर. टीकाकार हे आजही ऐकवतात आणि त्यांना खोटे ठरवता येत नाही.

१९९९च्या निवडणुकीत मलय मतदार उम्नोपासून मोठ्या संख्येने दुरावला. तो उदारमतवादासाठी दुरावला, असे समजणे मात्र चूक ठरेल. ‘सेजारा मलायू’ या जुन्या मलय ग्रंथात राजा आणि प्रजा यांच्यातील एका कराराची कथा आहे. राजाने गुन्ह्याबद्दल शिक्षा जरूर द्यावी, पण प्रजेची बेअब्रू करू नये. प्रजेने राजाशी द्रोह करू नये. अन्वर यांच्यावर समलैंगिक संबंधांचे आरोप ठेवून महिनोन्महिने चारचौघांत जे धिंडवडे काढले गेले, ते अनेक मलयांना या कराराचा भंग वाटले. राग अब्रूचा होता. त्याचा फायदाही नव्या पक्षापेक्षा ‘पास’ या इस्लामी पक्षाला अधिक झाला. पास ७ जागांवरून २७ वर गेला, केआदिलानला मिळाल्या ५. राग ओसरला तसा पाठिंबाही ओसरला. २००४ साली पक्षाची एकच जागा उरली, पेनांगमधील पर्मातांग पाऊह. अन्वर यांच्या घरच्या या मतदारसंघात अजीजा अवघ्या ५९० मतांनी वाचल्या.

अन्वर २००४च्या सप्टेंबरमध्ये सुटले आणि पक्षाला खरा कार्यक्रम त्यानंतर मिळाला. सवलत वंशावर नको, गरजेवर द्या, हे त्याचे सूत्र. गरीब मलय असो, रबराच्या मळ्यातून हुसकलेला तमिळ असो वा चिनी वस्तीतला मजूर, मदत त्याच्या रिकाम्या हाताकडे पाहून व्हावी. ‘केतुआनान मलायू’ म्हणजे मलयांचे स्वामित्व. त्याला उत्तर म्हणून अन्वर ‘केतुआनान रक्यात’ म्हणू लागले, रयतेचे स्वामित्व. सोबतीला विनाचौकशी अटक रद्द करणे, किमान वेतन, स्वतंत्र न्यायपालिका अशा मागण्या होत्या.

२५ नोव्हेंबर २००७ रोजी हिंद्राफच्या हाकेवर हजारो तमिळ क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले. पाडली जाणारी मंदिरे, पिढ्यान्‌पिढ्यांची मळ्यांतली गरिबी, बंद दारे अशी त्यांची गाऱ्हाणी होती. त्यांच्यावर अश्रुधूर सोडला गेला, पाच नेत्यांना विनाचौकशी डांबले. पुढच्या मार्चमध्ये या समाजाने एमआयसीला जमीनदोस्त केले. केआदिलानला ३१ जागा मिळाल्या आणि सत्ताधारी आघाडीचे दोन-तृतीयांश बहुमत गेले. सेलांगोर राज्य पक्षाच्या हाती आले. तिथे प्रत्येक घराला महिन्याचे पहिले २० घनमीटर पाणी मोफत झाले. नळाला वंश विचारायची गरज पडली नाही.

इथे भारतीय मुस्लिम वाचकाने क्षणभर थांबावे, असे मला वाटते. आपण अल्पसंख्य म्हणून घटनेतल्या समानतेचा आग्रह धरतो. महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने सवलत मागितली, तीही धर्माच्या नव्हे, मागासलेपणाच्या आधारावर. मलेशियात बहुसंख्य आपले धर्मबांधव आहेत आणि तीच मागणी तिथला हिंदू तमिळ करतो आहे. ती ऐकताना आपण कोणाच्या बाजूला उभे राहतो? हिंद्राफचे नाव ऐकून इथले अनेक जण अस्वस्थ होतात, हे मी पाहिले आहे. त्या अस्वस्थतेचा हिशेब द्यायला हवा.

केआदिलानलाही हा हिशेब सोपा गेला नाही. ख्रिस्ती लोकांनी ‘अल्लाह’ हा शब्द वापरावा की नाही, या वादात पक्षाचेच खासदार झुल्किफ्ली नूर्दिन यांनी उलटी भूमिका घेतली. २०१० साली त्यांना काढून टाकावे लागले. दोन वर्षांनी अन्वर यांच्या कन्या नूरुल इज्जा यांनी धर्मात सक्ती नसण्याचे कुरआनी तत्त्व मलयांनाही लागू होते, अशा अर्थाचे उत्तर एका सभेत दिले, तर त्यांच्याविरुद्ध रान उठवले गेले.

२०१३ साली विरोधी आघाडीला सुमारे ५१ टक्के मते मिळाली, तरी २२२ पैकी ८९च जागा हाती आल्या. केआदिलानच्या कापार मतदारसंघात सुमारे १ लाख ४४ हजार मतदार होते, तर पुत्रजयमध्ये १६ हजारांच्या आत. दोन्हीकडून एकेकच खासदार. शेवटी २०१८ साली महाथिर यांच्याशीच हातमिळवणी करून सत्ता मिळाली, तेव्हाही आघाडीला पडलेली मलय मते २५ ते ३० टक्केच असावीत, असा मर्डेका सेंटरचा अंदाज होता. त्याच वर्षी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी कराराला मान्यता देण्याचे ठरवले. मलयांच्या हक्कांवर घाला आला, अशी हाकाटी उम्नो आणि पास यांनी केली. नोव्हेंबरमध्ये सरकारने माघार घेतली. तरीही ८ डिसेंबरला राजधानीत प्रचंड मोर्चा निघालाच. ‘गरज, वंश नव्हे’ म्हणणाऱ्या पक्षाच्या राजवटीत हे घडले. मला ती माघार पराभवापेक्षा जास्त महाग वाटते. फेब्रुवारी २०२० मध्ये पक्ष फुटला, सरकार पडले.

जाण्यापूर्वी या सरकारने एक मोठे काम केले होते. मतदानाचे वय १८ वर आणले, मतदार नोंदणी आपोआप व्हावी अशी तरतूद केली. नव्याने यादीत आलेला हा तरुण मलय २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या प्रमाणात पास आणि त्याच्या मित्रपक्षांकडे गेला. पास संसदेतला सर्वांत मोठा पक्ष बनला. कुणालाच बहुमत नव्हते. २४ तारखेला अन्वर यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, ज्या उम्नोने त्यांना हाकलले त्याच्याच पाठिंब्यावर.

ते स्वतः पेराक राज्यातील तांबुनमधून निवडून आले होते. पर्मातांग पाऊह हा १९८२ पासून त्यांच्या घरात राहिलेला, २००४ साली पक्षाची लाज राखणारा मतदारसंघ. तिथे यावेळी नूरुल इज्जा उभ्या होत्या. त्या पासच्या उमेदवाराकडून हरल्या.