बाळंतपणाची रजा: बिल कोणी भरायचं?

आजच्या भागाची सुरुवात आरे कॉलनीतून करू, कारण विषय तिथेच डोक्यात आला. सकाळी गोरेगावहून आरे रोडने पवईला जाताना पाड्यांवरच्या बायका झपझप कामाला निघालेल्या दिसतात. बऱ्याच जणी सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करतात. काही वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर, रिक्षात, माझ्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं की तिने दोन वर्षांची मुलगी दत्तक घेतली आणि ऑफिसने रजा नाकारली. उरलेल्या पीएल वापर म्हणे.

ऑफिस खोटं बोलत नव्हतं, हीच गंमत. 2017 च्या दुरुस्तीने जन्मदात्या आईची रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. दत्तक आईला 12 आठवडे मिळाले, पण मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तरच. आता 2015 चा बाल न्याय कायदा बघा. सापडलेलं मूल दत्तक द्यायला कायदेशीर मोकळं आहे, हे ठरवायलाच दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर जुळणी, कागदपत्रं. तीन महिन्यांच्या आत बाळ घरी येणार कसं? कोडमध्ये अशी कंडिशन लिहिली, जी कधी ट्रू होतच नाही, तर रिव्ह्यूमध्येच परत येते.

हे असं का होतं, ते शोधायला आपल्याला आरेतून गिरणगावात आणि शंभर वर्षं मागे जावं लागेल. पगारी बाळंतपणाच्या रजेचा देशातला पहिला कायदा मुंबईचाच, 1929 चा.

त्याआधी काय होतं? 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरबाईंनी सरकारसाठी त्यांची पाहणी केली. 1922 च्या त्यांच्या अहवालात आलं की कामगार बायकांच्या 100 पैकी 98 तान्ह्या बाळांना अफू दिली जाते. आई खात्यात आणि बाळ चाळीत गुंगीत. क्रूरपणा नव्हता तो. खाडा केला तर पैसे नाहीत, एवढंच.

ना. म. जोशी 1919 ला वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला गेले होते. तिथे बाळंतपणाच्या रजेचा करार झाला. त्यांनी 1924 मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणलं, ते पडलं. मग मुंबई विधिमंडळात असवले यांनी वेगळं विधेयक मांडलं. 28 जुलै 1928 ला त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले. त्यांचा मुद्दा नीट ऐका, कारण आपण तो अर्धाच उचलला. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असं ते म्हणाले. पण बायकांना कामावर ठेवून मालक फायदा कमावतो, तेव्हा त्यालाही पूर्ण सोडता येणार नाही.

कायदा झाला तेव्हा दिवसाला 8 आणे ठरले, आणि द्यायचे मालकाने. सरकारचा वाटा गळाला तो गळालाच. पुढे गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. 1970 च्या दशकापर्यंत 5 टक्क्यांच्याही खाली. एकटा हा कायदा कारण नव्हता. नवी यंत्रं आली, रात्रपाळीची बंदी होती. पण 'बाई महाग पडते' हा हिशोब तेव्हापासूनचा. माझ्या क्षेत्रात इंटरव्ह्यूनंतर 'लग्न झालंय का तिचं?' असं हळूच विचारलं जातं, तो हाच हिशोब.

आता परत आरेत या. 1949 मध्ये दारा खुरोडींच्या पुढाकाराने शहरातले तबेले इथे हलवायला सुरुवात झाली. शहराला, शहरातल्या पोरांना स्वच्छ दूध मिळावं, ही जबाबदारी सरकारने स्वतःच्या अंगावर घेतली. जमीन सरकारची, डेअरी सरकारची. म्हणजे बाळाचं दूध हा सरकारचा विषय, आणि बाळाच्या आईचा वेळ मात्र तिच्या शेठचा! 1961 च्या केंद्रीय कायद्यातही पगार मालकानेच द्यायचा. ईएसआयमध्ये विम्याच्या निधीतून मिळतो, पण 2017 पासून तिथे महिना 21,000 रुपये पगाराची मर्यादा आहे. बापाचं तर विचारूच नका. केंद्र सरकारी नोकराला 1997 पासून 15 दिवस आहेत, खासगी नोकरीत कंपनीची मर्जी.

मला वाटतं, रजा वाढवायची तर आधी आंबेडकरांचा पहिला अर्धा मुद्दा उचलायला हवा. नुसते आठवडे वाढवले आणि बिल मालकाच्याच टेबलावर ठेवलं, तर तो बाईच कमी घेणार. दत्तक मुलाचं वय मोजण्याऐवजी ते घरी आल्याचा दिवस मोजावा, आणि बापाचीही रजा कायद्यात असावी. म्हणजे इंटरव्ह्यूत पुरुषालाही तोच प्रश्न पडेल!

आणि पाड्यावरून निघालेली ती बाई? तिचे मालक चार, चार वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये. त्यातला एकही या कायद्यात बसत नाही. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये, तेही कागद जमले तर. तिच्या बाबतीत मालकाचा वाटा कोणाकडे मागायचा? तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना बाळंतपणात तुम्ही पगार दिला होता का, ते कळवा. पुढच्या भागात भेटू.