दर्यावर्दीचे नाव कोणी ठेविले?

समुद्रावरून येणाऱ्या माणसास नाव देण्याचा अधिकार बहुधा किनाऱ्यावरचा माणूसच घेतो. युरोपच्या उत्तरेकडील नॉर्स दर्यावर्दी योद्ध्यांना आपण ‘व्हायकिंग’ म्हणतो. या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत मतभेद आहे. कोणी तो ‘वीक’ म्हणजे खाडी यावरून काढितात. कोणी ‘विक’ म्हणजे तळ किंवा पेठ याकडे बोट दाखवितात. त्या लोकांच्या स्वतःच्या शिलालेखांत ‘वीकिंग’ म्हणजे समुद्रापलीकडील मोहीम. परंतु ज्या इंग्लंडात ७९३ साली लिंडिस्फार्नचा मठ लुटला गेला, तेथील जुन्या भाषेत त्याच शब्दाचा अर्थ चांचा असा होता.

आमच्या घरचे उदाहरण याहून निराळे नाही. पेडणे व डिचोली हे महाल पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांचे. तेरेखोलचा किल्ला त्यांनीच बांधला. त्या नदीत त्यांची गलबते असत. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो घेतला. त्याच वर्षी पेडण्यातील हळर्णचा कोट जिंकणारा व्हाइसरॉय पुढे ‘आलोर्नाचा मार्केस’ झाला. जेत्यास आमच्या गावाचे नाव भूषण म्हणून लाभले. उलट इंग्रजी लेखनात ‘खेम सावंत’ या राजनामाचे ‘केमसांत’ झाले आणि मालवणच्या नावावरून ‘मालवान’ हा शब्द चांच्यांस लावला गेला. पोर्तुगीजांनी तर आपला ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना नसलेले जहाज पकडण्याचा हक्कच स्वतःकडे घेतला होता. ते मात्र कायद्याचे रक्षक!

आमच्या गलबतांनी व्यापाऱ्यांस लुटले नाही, असे आम्ही म्हणत नाही. ती लूट खरी होती. १८१२ साली वेंगुर्ले इंग्रजांस द्यावे लागले, ते चांचेगिरीच्या निमित्तानेच. पण समुद्रावर जी सत्ता चांचा ठरली, तीच जमिनीवर राज्य होती. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तेव्हा दिवाडीचा श्रीसप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोली महालातील नार्व्यास आला; १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. पुढे सावंतांच्या अमलातही या महालांतील देवस्थाने नांदती राहिली. १७८१ साली डिचोली व १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले, तोवर त्या देवळांपुढे दिवा लावणाऱ्या प्रजेस ‘केमसांत’ ठाऊक नव्हता; तिला ठाऊक होते ते वाडीचे सरकार.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : पूर्वजांविषयी एखादा शब्द ग्रंथात आढळला, की तो कोणाच्या तोंडून निघाला, हे आधी विचारावे. त्याने लाजून जाऊ नये, आणि केवळ अभिमानापोटी तो नाकारूही नये.