कोंकणचीं कुळें आणि गोदातीरचे कागद

रत्नागिरीकडील कोणत्याही चित्पावन घरीं कुलस्वामिनीचें नांव विचारलें, तर बहुतेक ठिकाणीं एकच उत्तर मिळतें : अंबेजोगाईची योगेश्वरी. ज्या घरांच्या ओटीवर समुद्राची गाज ऐकूं येते, त्यांचें दैवत समुद्रापासून इतक्या दूर, बालाघाटाच्या डोंगरांत, आमच्या बीड जिल्ह्यांत येऊन बसलेलें आहे. माजलगांवाहून सकाळीं निघालें तर देवीचें दर्शन घेऊन संध्याकाळीं परत येतां येतें; कोंकणांतल्या मंडळींना मात्र त्यासाठीं सह्याद्रि ओलांडावा लागतो, आणि तरीही लग्नमुंजीनंतर तीं येतात. देवी मूळची कोंकणांतली, परळीच्या वैजनाथाशीं तिचा विवाह ठरला होता, मुहूर्त टळला आणि ती कुमारिकाच राहिली, अशी कथा ह्या भागांत लहानथोरांच्या तोंडीं आहे.

कथेनें इतिहास सिद्ध होत नाहीं. परंतु प्रश्न मात्र उभा राहतो. समुद्रतीरच्या एका समाजाचें दैवत देशावर कां? हा समाज कधीं काळीं इकडून घाट उतरून खालीं गेला, कीं कोंकणांत वसल्यावर कांहीं कारणानें त्यानें ही उपासना स्वीकारली? ह्याचें उत्तर घराण्यांच्या वंशावळींत मिळावें अशी अपेक्षा कोणीही करील. पण बहुतेक वंशावळी दहाबारा पिढ्या मागें गेल्या कीं थांबतात. पिढीस पंचवीसतीस वर्षें धरलीं, तर आपण फार तर शिवकालापर्यंत किंवा त्याच्या थोडें अलीकडे पलीकडे पोहोंचतों. त्यापलीकडे एका मूळ पुरुषाचें नांव, एक गांव, एक गोत्र आणि अंधार. दैवत हा पुरावा खरा, परंतु त्या अंधारांत तो एकटाच उभा आहे.

असें असलें तरी कुळाचा शोध चिकाटीनें करण्याची वाट महाराष्ट्रांत ह्याच समुद्रतीरच्या समाजानें रुळविली, हें मान्य केलें पाहिजे. ह्याचें कारण त्यांच्या विद्येंत जितकें आहे, तितकेंच त्यांच्या पांगापांगींत आहे. जें घराणें एकाच गांवीं एकाच वाड्यांत नांदतें, त्याला वंशावळ लिहून ठेवण्याची निकड भासत नाहीं. ती सर्वांच्या जिभेवर असते. श्रीवर्धनचे भट देशावर आले आणि १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांस पेशवाई मिळाली. कोतवड्याचे हरभट पटवर्धन इचलकरंजीकरांचे उपाध्याय झाले आणि त्यांच्या पुत्रपौत्रांनीं मिरज, सांगली, कुरुंदवाड येथें राज्यें केलीं. त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, सावकार, शिलेदार असे शेंकडों लोक घाट चढून वर आले. दोन पिढ्यांत चुलत घरें एकमेकांस ओळखीनाशीं झालीं. जातींत परंपरेनें चौदा गोत्रें आणि साठ मूळ आडनांवें सांगतात. त्या साठांचीं पुढें कित्येक पटींनीं आडनांवें झालीं. सगोत्र विवाह टाळावयाचा, सोयरसुतक पाळावयाचें, तर आपला कोण आणि परका कोण हें कळणें भाग होतें.

ह्या गरजेंतून ‘कुलवृत्तान्त’ नांवाचा ग्रंथप्रकार निघाला. १९१४ सालीं आपटे घराण्याचा इतिहास प्रसिद्ध झाला. हा त्यांतील अगदीं आरंभीचा. त्याच्यामागून अनेक आडनांवांनीं हेंच काम हातीं घेतलें. कामाची रीत ठरलेली आहे. मंडळ स्थापावयाचें, आडनांवाच्या प्रत्येक घरास पत्र धाडावयाचें, गोत्र, कुलदैवत, मूळ गांव आणि ठाऊक असतील तितकीं पूर्वजांचीं नांवें मागवावयाचीं, आलेलीं उत्तरें जुळवून शाखा पाडावयाच्या आणि प्रत्येक पुरुषास पिढीचा अंक द्यावयाचा. नातवास आजोबांचें नांव ठेवण्याच्या चालीमुळें एकाच घरांत तीनतीन गोविंद आणि चारचार बल्लाळ निघतात; त्यांची गांठ सोडविण्यांत संपादकांचीं वर्षें गेलेलीं आहेत. ज्या कामास कोणतेंही पारितोषिक नाहीं, तें केवळ आपलेपणानें ह्या लोकांनीं केलें.

तथापि ह्या ग्रंथांचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यांत पुरुष आहेत, स्त्रिया जवळजवळ नाहींत. असल्याच तर अमक्याची कन्या, तमक्यास दिली, एवढ्या ओळींत त्यांचें आयुष्य संपतें. आणि सासरीं नांव बदलण्याच्या चालीमुळें माहेरच्या वंशावळींतली मुलगी सासरच्या वंशावळींत सांपडतच नाहीं. दत्तकाचा उल्लेख कधीं असतो, कधीं गाळलेला असतो. ज्यानें घराण्यास कर्ज करून बुडविलें, तो निःसंतान वारल्याप्रमाणें एका शब्दांत आटोपलेला असतो.

हा स्वभाव केवळ कोंकणस्थांचा नव्हे. आमच्या माजलगांव तालुक्यांतच त्याचें सातशें वर्षांहून जुनें उदाहरण आहे. गोदावरीच्या दक्षिण तीरावर पुरुषोत्तमपुरी नांवाचें क्षेत्र आहे. अधिक मासांत तेथें मोठी यात्रा भरते. ह्या गांवीं यादव राजा रामचंद्र ह्याचा शके १२३२, म्हणजे इ. स. १३१०, चा ताम्रपट मिळाला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं तो संपादून प्रसिद्ध केला. राजानें आपला मंत्री पुरुषोत्तम ह्यास दिलेल्या गांवांचें हें दानपत्र. आरंभीं राजाचा वंश, मग त्याचे विजय, मग भूमि. आतां त्या वेळची वस्तुस्थिति पाहा. १२९६ सालीं अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला होता आणि रामचंद्रास अपार द्रव्य देऊन तह करावा लागला होता. पुढें १३०७ च्या सुमारास मलिक काफूरच्या स्वारींत तो पकडला जाऊन दिल्लीस गेला आणि मांडलिक होऊन परत आला. ताम्रपटाच्या प्रशस्तींत मात्र राजा विजयीच आहे.

ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या. एक ही कीं, वंशावळ सहसा नुसत्या हौसेनें लिहिली जात नाहीं. तिच्या पोटीं कांहीं हक्क असतो. दुसरी ही कीं, जो लिहितो तो आपल्या सोयीचें लिहितो. म्हणूनच वंशावळीहून तिच्या खालचा कागद अधिक मोलाचा. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हां हाच आग्रह धरला होता. बखरकार मागाहून आठवून लिहितो. पत्र लिहिणारास पुढें काय होणार तें ठाऊक नसतें, म्हणून त्याचा शब्द विश्वासार्ह. त्याच सुमारास मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तराचे रुमाल सोडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापीत होते. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें आणि घरोघरचे कागद मिळविण्याच्या उद्योगास एक स्थान लाभलें.

कागद मिळविणें सोपें नव्हतें. इंग्रजी अमलांत १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास बळ आलें आणि सनद दाखवा, नाहींतर इनाम सोडा, असा प्रसंग घरोघर ओढवला. ज्यांनीं कागद दाखविले त्यांपैकीं कित्येकांचीं इनामें गेलीं. ज्यांनीं दाखविले नाहींत त्यांचींही गेलीं. तेव्हांपासून दप्तर परक्याच्या दृष्टीस पडूं देऊं नये, ही भीति वडिलांकडून मुलांकडे वारशानें आली. कोंकणांत १९४९ च्या कायद्यानें खोती नाहींशी झाली, तेव्हां उलट प्रकार झाला. ज्या कागदांवर घरानें शेंदीडशें वर्षें भांडणें केलीं, ते एका दिवसांत निरुपयोगी ठरून माळ्यावर गेले. पुढचें काम कोंकणच्या दमट हवेनें आणि वाळवीनें केलें.

ज्यांच्यापाशीं कागद कधींच नव्हते, त्यांचें काय? कोंकणच्या किनाऱ्यावरील बेनेइस्राएल समाजाचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे हे लोक शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवारतेली म्हणत. त्यांच्यापाशीं सनदा नव्हत्या. परंतु केहिमकर, रोहेकर, पेणकर अशा आडनांवांत त्यांनीं आपापलें गांव जपून ठेविलें. हाइम सॅम्युएल केहिमकर ह्यांनीं ह्या समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. चाळीस वर्षें एक हस्तलिखित कोणीतरी सांभाळलें, म्हणून आज इस्राएलांत वाढणाऱ्या नातवंडांस आपलें गांव अलिबागेजवळ होतें हें कळतें. गोमंतकांतील ख्रिस्ती घराण्यांस चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांचा आधार आहे, आणि गोव्याचें अभिलेखागार तर १५९५ सालीं स्थापन झालेलें. हिंदु घराण्यांस नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आहेत. तेथें यजमानाच्या हातचीं अक्षरें असतात, आणि बरोबर आलेल्या आईचें, बायकोचें नांवही कित्येकदां असतें. कुलवृत्तान्तांत जें नाहीं तें येथें मिळतें.

आतां आमच्या घराकडे वळूं. गोदातीरच्या घराण्यांची अडचण कोंकणाहून निराळी आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता. त्यामुळें एकाच घरच्या रुमालांत मोडींतील खत, फारसींतील सनद आणि १८८४ नंतरच्या कारभाराचा उर्दू कागद असे तीन प्रकार एकत्र असतात. आजोबांस तिन्ही वाचतां येत. नातवास एकही येत नाहीं. जे कागद सरकारांत गेले ते हैदराबादेस राहिले आणि १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. मूळ गांव एका राज्यांत, त्याचें दप्तर दुसऱ्या राज्यांत. त्यांत भर म्हणून सिंदफणेवर माजलगांवचें धरण झालें. पाणी सर्वांस हवें होतें आणि तें आलें, हें चांगलेंच झालें. परंतु ज्या गांवठाणांचे वाडे त्या पाण्याखालीं गेले, त्यांच्या कोनाड्यांतले रुमाल नव्या घरीं पोहोंचले कीं नाहीं, ह्याची नोंद कोणी ठेविली नाहीं. भांडीं नेलीं, देव नेले, धान्य नेलें. न वाचतां येणारे कागद कोण नेतो?

आणि मग २०२३ सालीं त्याच कागदांस एकाएकीं मोल आलें. मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली. तहसिलींतील, शाळांतील आणि घरांतील जुन्या नोंदी बाहेर आल्या. मोडी आणि उर्दू वाचणारांचा शोध सुरू झाला. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेचा विचार येथें कर्तव्य नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें दिसतें तें एवढेंच कीं, ताम्रपटाच्या काळीं जें होतें तेंच आजही आहे : हक्काचा प्रश्न आला म्हणजे माणूस वंश शोधूं लागतो. ह्यांत लज्जेचें कांहीं नाहीं. परंतु धोका आहे. ज्या कागदांत हवा तो एक शब्द सांपडला तो जपला जाईल आणि न सांपडला तो चुलींत जाईल. किंवा त्याहून वाईट, हवा तो शब्द मागाहून घातला जाईल. जो कागद आज आपल्या उपयोगाचा नाहीं, त्यांत शेजाऱ्याची शींव असेल, एखाद्या दुष्काळांतला धान्याचा भाव असेल, एखाद्या विधवेनें आपल्या वांट्यासाठीं केलेला अर्ज असेल. तो नाहींसा करण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं रुमाल आहे त्यांस थोडी विनंति आहे. रुमाल सोडला तरी कागदांचा क्रम मोडूं नये. कोणता कागद कोणाशेजारीं होता, हाही पुरावाच असतो. फाटक्या कागदास चिकटपट्टी लावूं नये आणि तो प्लॅस्टिकमध्यें कायमचा बंद करूं नये. कोरड्या जागीं, सुती कापडांत ठेवावा. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं, कारण पाठीवरचा शेरा कधीं कधीं पोटांतल्या मजकुराहून अधिक सांगतो. भावांच्या वांटणींत दप्तराचे तुकडे करूं नयेत. एकाच्या हवालीं मूळ आणि सर्वांच्या हातीं प्रती असाव्या. मोडी शिकणें हें कांहीं महिन्यांचें काम आहे. प्रत्येक घरांत एकानें तरी तें करावें. आणि सर्वांत आधीं घरांतल्या वृद्ध स्त्रीजवळ वही घेऊन बसावें. तिचें माहेर, तिच्या आईचें माहेर, तिच्या सासूचें लग्नाआधींचें नांव, हीं कोणत्याही दप्तरांत नाहींत. तीं तिच्याबरोबरच जावयाचीं आहेत.

अंबेजोगाईस येणाऱ्या कोंकणच्या मंडळींस आपण येथें कां येतों हें नक्की सांगतां येत नाहीं. तरी तीं येतात, आणि आल्याची आठवण मुलांस सांगतात. एवढ्या धाग्यावर एक प्रश्न शतकानुशतकें जिवंत राहिला आहे. रामचंद्रराजानें आपला शब्द तांब्यावर कोरला, म्हणून तो गोदातीरीं टिकला. आमच्या पूर्वजांपाशीं तांबें नव्हतें; त्यांनीं कागदावर लिहिलें आणि तो सांभाळण्याचें काम आमच्यावर सोंपविलें.