जकात : एक शब्द, दोन हिशेब

रमजान महिना आला की अम्मी घरातल्या शिलकीचा हिशेब मांडायची. वर्षभर साठून राहिलेल्या पैशाचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, गरजूंसाठी बाजूला काढायचा. ही जकात. आणि अब्बा बांगड्यांची खोकी घेऊन तालुक्याच्या बाजाराला निघाले की वेशीवरच्या नाक्यावर भरायचे, तीही जकात! लहानपणी मला वाटायचं, नाक्यावरचा कारकून संध्याकाळी तो पैसा गरिबांना वाटत असेल.

मूळ अरबी शब्दात शुद्धी आणि वाढ असे दोन्ही अर्थ आहेत. फारसी दरबारी भाषेतून तो मराठीत आला आणि इथं मालावरच्या कराचं नाव झाला. मराठेशाहीच्या दप्तरांत जकात आहे, जकातदारही आहे. पुढे इंग्रज आले, नगरपालिका आल्या, तरी नाका राहिला. कारण दिवे, नळ, गटारं यांसाठी रोजच्या रोज रोख पैसा हाती देणारं असं दुसरं साधन गावाकडं नव्हतं.

पण भरणाऱ्याला ती महाग पडे. खोकी उघडायची, माल मोजायचा, पावती फाडायची. आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नाक्यावर अब्बांच्या कितीतरी बांगड्या वाढल्या. त्याची नोंद कुठल्याच पावतीवर नसे. रांगेतल्या ट्रकचं डिझेल, वाया गेलेला दिवस, हातावर ठेवलेली चिरीमिरी, सारं शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाई.

सुधारणा आली, पण हप्त्याहप्त्यानं. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, महापालिकांची राहिली. १ एप्रिल २००५ पासून विक्रीकराच्या जागी 'व्हॅट' आला. आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट मिळू लागली आणि करावर कर बसणं कमी झालं. २०१० पासून काही महापालिकांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. नाका गेला, पण वह्या तपासल्या जाण्याची धास्ती आली. २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. २०१५ मध्ये पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. अखेर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईचेही जकात नाके बंद पडले. रांग संपली, हे चांगलंच झालं. मात्र वेशीवर स्वतः कमावणारी महापालिका आता भरपाईच्या रकमेसाठी राज्याकडं पाहते, हेही विसरता येत नाही.

श्रोतेहो, सामान्य माणूस इथंच विचारतो : आमचा कर सुधारलात, तुमच्या खर्चाचं काय? काही झालं आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर आणली. आपल्या २८८ जणांच्या सभागृहात ती ४३ होते. पश्चिम बंगालनं १९६९ मध्ये, पंजाबनं १९७० मध्ये, तामिळनाडूनं १९८६ मध्ये विधान परिषदच मोडीत काढली. आंध्र प्रदेशनं १९८५ मध्ये घालवली आणि २००७ मध्ये परत आणली. महाराष्ट्रानं ७८ सदस्यांची परिषद ठेवली आहे.

कवी म्हणून माझा पाय इथं अडखळतो. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणत्यांसाठी त्या परिषदेत राज्यपालनियुक्त बारा जागा आहेत. गदिमा तिथं बसले. ना. धों. महानोर तिथं शेतीवर, पाण्यावर बोलले. असा आवाज असेल तर त्याचा खर्च मला जड वाटत नाही. पण २०२० मध्ये रिकाम्या झालेल्या याच जागा चार वर्षांहून अधिक काळ तशाच राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतल्या सात भरल्या, त्या बहुतेक राजकीय कार्यकर्त्यांनी. मग परिषद ठेवावी म्हणणाऱ्या माझ्यासारख्यानं कोणत्या तोंडानं वाद घालायचा?

अम्मीच्या हिशेबात एक गोष्ट पक्की होती. जकात काढली की ती कुणाच्या दारी पोचली, हे ती अब्बांना आठवणीनं विचारायची. सभागृहं किती असावीत, यावर मतभेद असू देत. पण तिचा प्रश्न दर अधिवेशनात विचारला गेला पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)